पिवळी फुलं आली तिथंच कळायला हवं होतं: पुण्याच्या गच्चीवर खरी जंगली स्ट्रॉबेरी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात गच्चीवर बाग आहे. 'जंगली स्ट्रॉबेरी' म्हणून ऑनलाइन दोनदा बी मागवलं. पहिलं पाकीट उगवलंच नाही. दुसरं भराभर उगवलं, धावते फुटवे कुंडीबाहेर पळाले, पिवळी फुलं आली, लालचुटुक फळंही धरली. पण खाऊन बघितलं तर भिजवलेला कापूस. मग चुकलं काय, आणि खरी जंगली स्ट्रॉबेरी पुण्यात होते का?

होते. पण आधी त्या पिवळ्या फुलांचा निकाल लावू. खऱ्या स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं. शोभेच्या काही संकरांत गुलाबीही दिसतं, पण पिवळं नाही. तुमच्याकडे वाढलंय ते पोटेन्टिला इंडिका, जुन्या पुस्तकांत द्युशेनिया इंडिका. इंग्रजीत त्याला 'नकली स्ट्रॉबेरी' या अर्थाचंच नाव आहे. फळ खाली लोंबत नाही, देठावर ताठ मान करून बसतं. त्याच्याखाली दातेरी, रुंद हिरव्या पाकळ्यांची झालर असते. कापलं की आत पांढरा स्पंज. विषारी नाही, त्यामुळे मुलांनी दोन-चार तोंडात टाकली असतील तर घाबरू नका. उत्तरेकडच्या हिल स्टेशनांवर रस्त्याकडेला भरपूर उगवतं आणि पर्यटक हौसेनं फोटो काढतात.

या नावातली गंमत सांगतो. द्युशेन हा फ्रान्समधला, व्हर्सायच्या राजबागेतला माणूस. वयाची विशी गाठायच्या आत, 1766 साली, त्यानं स्ट्रॉबेरीवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यानं बियापासून वाढवलेल्या रोपांत एक रोप तीनऐवजी एकाच पानाचं निघालं, तेही त्यानं नीट नोंदवून ठेवलं. डार्विनच्या जन्माआधी चाळीसेक वर्षं! आणि त्याच्या नावानं ओळखलं गेलं काय, तर हे बेचव फळ.

आता खरी. फ्रॅगारिया व्हेस्का हे तिचं शास्त्रीय नाव, लिनीयसनं 1753 साली दिलेलं. युरोपभर, आशियाच्या थंड भागात आणि उत्तर अमेरिकेत जंगलाच्या कडेनं, पायवाटांलगत वाढते. अठराव्या शतकापर्यंत युरोपात बागेत लावायची स्ट्रॉबेरी म्हणजे मुख्यतः हीच. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या पाचव्या चार्ल्सनं लूव्हरच्या बागेत बाराशे रोपं लावली होती, ती याच जातीची. आपण महाबळेश्वरला खातो ती फार नंतर आली. 1714 साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं चिलीहून मोठ्या फळाची रोपं बोटीनं आणली, त्यातली पाच जगली. त्या चिलीच्या रोपांचा उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जातीशी युरोपातल्या बागांमध्ये आपोआप संकर झाला आणि आजची मोठी स्ट्रॉबेरी जन्मली. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कामारोसा ही सगळी त्याच घराण्यातली. व्हेस्काचं आणि तिचं नातं दूरचं: हिच्या पेशीत 14 गुणसूत्रं, तिच्या पेशीत 56.

गुणसूत्रांचा आकडा मुद्दाम दिला, कारण कुंडीत त्याचा उपयोग आहे. पाचगणीच्या माझ्या वाफ्यांत ही झाडं मोठ्या स्ट्रॉबेरीशेजारी वर्षानुवर्षं वाढतात, तरी सहसा संकर होत नाही. व्हेस्का आपल्याच परागानं फळते, म्हणून तिचं बी पेरलं की आईसारखंच रोप येतं. मोठीचं तसं नाही. महाबळेश्वरहून आणलेल्या फळाचं बी पेरून 'तीच' स्ट्रॉबेरी मिळेल असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. निळ्या आणि काळ्या स्ट्रॉबेरीचं बी विकणाऱ्यांकडे तर मान डोलवायचीही गरज नाही. तसली स्ट्रॉबेरी जगात नाही, फक्त फोटोत आहे.

आपल्या देशातही रानटी स्ट्रॉबेरी आहेत. हिमालयात फ्रॅगारिया न्युबिकोला आहे, आणि निलगिरीच्या नावाचीच फ्रॅगारिया निलगेरेन्सिस आहे, जाड लवदार पानांची, फिकट पांढुरक्या फळाची. पण ट्रेकला गेलात म्हणून तिथलं रोप उपटून आणू नका. ते पुण्यात एप्रिल पाहत नाही, आणि तिकडची जागा रिकामी होते ती होतेच.

व्हेस्कामध्येही दोन तऱ्हा आहेत, आणि बी घेताना बहुतेक जण इथं फसतात. साधी रानातली व्हेस्का वर्षातून एकदाच फुलते, तीही दिवस लहान आणि हवा बरीच गार असताना कळी धरून. ती फुटवे टाकत पळते. पुण्यात तिला पुरेशी थंडी मिळत नाही, पानंच पानं येतात. दुसरी ती अल्पाइन, आल्प्सच्या पायथ्याकडून बागेत आलेली. तिच्यात फुलणं अडवून धरणारा एक जनुकच बिघडलेला आहे, म्हणून तब्येत बरी असेल तोवर ती फुलतच राहते. बहुतेक अल्पाइन वाण फुटवे टाकत नाहीत, झुडपासारखे एका जागी बसतात. कुंडीसाठी अगदी सोयीच्या. पाकिटावर रूगेन, बॅरन सोलेमाखर, अलेक्झांड्रिया यांतलं एखादं नाव बघा. पिवळट-पांढऱ्या फळाची हवी असेल तर यलो वंडर. 'मारा दे ब्वा' या फ्रेंच नावात 'रान' असलं तरी ती मोठ्या स्ट्रॉबेरीचाच वाण आहे, बियापासून तसाच येत नाही.

पेरणीचं वेळापत्रक मी सणांवर बांधलंय, त्यामुळे विसरायला होत नाही. नारळी पौर्णिमेला बी फ्रीजमध्ये, गणपतीत बाहेर, दिवाळीत मोठ्या कुंडीत, आणि संक्रांतीच्या पुढेमागे पहिली फुलं. पौर्णिमा ते चतुर्थी साधारण एकोणीस दिवस, बियाला तेवढी थंडी पुरते. थंडी दिली नाही तर उगवणारच नाही असं नाही, पण दोन आज उगवतील, आणखी चार एका महिन्यानंतर, आणि तोवर तुम्ही डबा ओतून दिलेला असेल.

तुमचं पहिलं पाकीट बहुधा मातीखाली गेलं. माझंही गेलं होतं. पंचवीस वर्षं स्ट्रॉबेरीच्या रोपांत काढलेला माणूस मी, पण ती सगळी रोपं रनरची, म्हणजे धावत्या फुटव्यांपासून केलेली. बी कधी पेरलंच नव्हतं. पहिल्या वर्षी मेथी पेरावी तसं बोटभर मातीखाली लोटलं आणि महिनाभर पाणी घालत बसलो. हे बी खसखशीएवढं, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. मातीत पुरलंत की संपलं.

तर असं करा. मिठाईचा पारदर्शक झाकणाचा डबा घ्या, तळाला गरम सुईनं दहा-बारा भोकं पाडा. चाळलेलं कोकोपीट दोन भाग, गांडूळखत अर्धा भाग, बारीक वाळू अर्धा भाग. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवून पिळून घ्या. त्यात मीठ असतं आणि स्ट्रॉबेरीला मीठ अजिबात सोसत नाही. मिश्रणावर उकळतं पाणी ओतून पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे बुरशी आणि चिलटांची अंडी मरतात. दोन इंच थर भरून हातानं सपाट करा. बी कोरड्या चमचाभर वाळूत मिसळून रांगोळीसारखं चिमटीनं भुरभुरवा. वरून माती नाही. फक्त सपाट वाटीनं हलकं दाबा, बी ओल्या मातीला चिकटलं पाहिजे. बारीक फवारा मारा, झाकण लावा, तारीख लिहा, आणि अख्खा डबा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही.

गणपती बसले की डबा बाहेर, उजेडाच्या खिडकीत, पण थेट ऊन नको; बंद डब्यात उन्हानं बी शिजतं. माझ्याकडे पहिली हिरवी टोकं बाराव्या दिवशी दिसतात आणि पस्तिसाव्या दिवसापर्यंत येत राहतात. ती इतकी बारीक की चष्मा लागतो. दोन गोल दलं, टाचणीच्या डोक्याएवढी. त्यानंतरचं पहिलं खरं पान एकटंच असतं, कंगोरे असलेलं, पंख्यासारखं. तीन पानांचा झुपका दिसत नाही म्हणून लोक तण समजून उपटतात. थांबा. पुढच्या पानांना हळूहळू तीन दलं फुटतात.

या अवस्थेत रोपं मरतात ती पाण्यानं. वरून पाणी घातलं की बुडाशी काळी पडून कोलमडतात. डबा पाण्याच्या ताटात दहा मिनिटं ठेवायचा, खालून ओल चढते. दलं दिसली की झाकण रोज थोडं थोडं उघडं ठेवत आठवड्यानं काढून टाका. तीन-चार पानं झाली की दातकोरण्यानं मुळासकट उचलून छोट्या पेल्यांत एकेक लावा. रोप पानाला धरा, देठाला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं.

दिवाळीच्या सुमारास कुंडी. सहा इंची कुंडीत एक रोप, किंवा दोन फूट लांबीच्या ट्रेमध्ये तीन. पुण्यातली काळी माती वापरू नका, ती पाणी धरून बसते आणि तिच्यात चुना असतो. हिला किंचित आंबट, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाची, भुसभुशीत माती लागते. लाल माती, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं शेणखत सारख्या भागानं, वर दोन मुठी भाताचं तूस. शेणखत कच्चं असेल तर त्याबरोबर अळ्या येतात. माती ओली असूनही रोप मलूल दिसलं तर हलकं ओढून बघा; मुळांशिवाय हातात आलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, बसलेली आहे.

लावताना एकच गोष्ट शंभरदा सांगतो: पानं जिथून फुटतात ती गाठ, आम्ही तिला क्राऊन म्हणतो, ती मातीच्या बरोबर पातळीवर राहिली पाहिजे. खाली गेली तर कुजते, वर राहिली तर मुळं सुकतात. रोप लावून पाणी घातल्यावर माती बसते, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

बोअरचं पाणी देत असाल तर दोन महिन्यांत पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसतील. ते खताचं कमीपण नव्हे. जड पाण्यानं आणि चुन्यानं लोह अडकतं. खत वाढवलंत तर कडाही करपतील. पावसाचं पाणी पिंपात साठवून ठेवलं असेल तर हिच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर नळाचं द्या. खत फार नको. कळी दिसल्यापासून पंधरा दिवसांनी एकदा गांडूळपाणी, एकास दहा पाण्यात. युरियाचं नाव काढू नका, पालेभाजी होईल.

थंडीत पूर्ण ऊन चालतं. फेब्रुवारीपासून दुपारचं ऊन तोडा. मार्च ते मे पन्नास टक्के शेडनेट हवीच, आणि कुंड्या स्लॅबवर थेट नकोत. विटांवर ठेवा. गच्चीचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो, आणि हिला वरच्या उन्हापेक्षा तापलेली मुळं जास्त मारतात. मातीवर उसाचं पाचट किंवा पेंढा पसरा. एप्रिल-मेमध्ये ती फुलायची थांबते, पानांच्या कडा जळतात. तेव्हा खत घालून तिला डिवचू नका, संध्याकाळी पाणी द्या आणि सोडून द्या. गाठ हिरवी असली म्हणजे ती जिवंत आहे.

आपल्याकडे हिचा खरा वैरी उन्हाळा नव्हे, पावसाळा. हे मी पाचगणीत बसून सांगतोय, जिथं हवा तिच्या माहेरासारखी आहे असं सगळे म्हणतात. बी उगवायला लागलं त्या पहिल्या वर्षी चाळीस रोपं उघड्यावर गादीवाफ्यात ठेवली. थंड हवा, उतारावरची लाल माती, अजून काय पाहिजे? बेंदरापर्यंत पानं तजेलदार होती. पोळ्याला मोजली तर सहा उरली होती. बाकीची हाताला लागताच निसटून आली, गाठ आतून भिजलेल्या तंबाखूसारखी तपकिरी. तेव्हापासून मृग लागला की सगळ्या कुंड्या पत्र्याखाली. तुमच्याकडे बाल्कनीचा आडोसा असेल तर तिथं हलवा, उजेड हवा पण पागोळी नको. जुनी, आडवी पडलेली पानं कापून टाका, हवा खेळू द्या. आणि रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. औषधापेक्षा मिठाचं पाणी भरलेला डबा बरा, फक्त ते पाणी कुंडीत सांडू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कोळी येतो. पान वरून निस्तेज, धुरकट दिसायला लागलं की उलटं करून बघा. बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसतील. पानाची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं दोन-तीन दिवस धुतली तरी अर्धं काम होतं. उरलेल्यावर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी. फळं पिकत असतील तर फक्त पाणी.

फळ वेडंवाकडं, एका बाजूनं खुरटलेलं येतंय म्हणून पुष्कळ जण विचारतात. फळावरचे ते बारीक दाणे हीच खरी फळं, लाल गर म्हणजे नुसती फुगलेली गादी. ज्या दाण्याला पराग मिळाला नाही त्याच्याखालची गादी फुगत नाही. आमच्याकडे सातेरी मधमाश्या हे काम करतात. गच्चीवर फुलोरी किंवा पोयाच्या माश्या येत असतील तर काळजी नाही. शेजारी दोन कुंड्या तुळस फुलू द्या, त्या येतात. नाहीच आल्या तर सकाळी दहाच्या सुमारास मऊ ब्रशनं प्रत्येक फुलात गोल फिरवा.

आता उत्पन्नाची अपेक्षा. एक फळ म्हणजे जेमतेम करंगळीच्या नखाएवढं, वजन ग्रॅमभर, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. दहा-बारा रोपं असतील तर भर हंगामात दिवसाआड एक मूठ. मिल्कशेक वगैरे विसरा. पण वास! मोठ्या वाणांनी आकाराच्या नादात जे गमावलं ते हिच्यात शाबूत आहे. त्यातलं एक द्रव्य, मिथाइल अँथ्रॅनिलेट, बंगळुरू ब्लू द्राक्षाच्या वासातही असतं. पिकलेलं फळ नाकाशी धरून बघा, ओळख पटेल. फळ लाल झालं की लगेच तोडायचं नाही. दोन दिवस थांबा. बोटाचा धक्का लागताच ते हिरवी टोपी देठावरच ठेवून हातात सुटून येतं, तेव्हा ते पिकलं. ओढावं लागलं तर कच्चं. सुटल्यावर ते दिवसभरच टिकतं, म्हणून हिची पेटी बाजारात दिसत नाही. रोमजवळच्या नेमी गावात जूनमध्ये हिचा उत्सव भरतो, खायला लोक तिथं जातात. स्वीडन-एस्टोनियातली पोरं रानात फिरताना ही फळं गवताच्या काडीत ओवून आणतात, आपण बकुळीची फुलं ओवतो तशी.

बुलबुलांना मात्र थांबण्याचं वावडं. पिकायच्या आदल्या दिवशी तेच नेतात. जाळी लावा, किंवा दोन-तीन रोपं यलो वंडरची ठेवा; फळ लाल होत नाही म्हणून पक्षी बहुधा तिकडे बघत नाहीत. ती पिकली हे वासावरून आणि दाणे तपकिरी झाल्यावरून ओळखायचं.

तिसऱ्या वर्षी रोप दाट होऊन फळ बारीक पडायला लागतं. तेव्हा पाऊस ओसरल्यावर कुंडीतून काढा, गाठी सुरीनं वेगळ्या करा, प्रत्येकीला मुळं आहेत ना बघा आणि बाहेरच्या कोवळ्या गाठी तेवढ्या पुन्हा लावा. मधली लाकडासारखी झालेली टाकून द्या. आणि बी तर दरवर्षी धरा: चांगल्या रोपाची पाचसहा फळं चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली बोटानं चोळा, गर वाहून जातो, दाणे राहतात. पाण्यात टाका, तरंगतील ते फेका, बुडतील ते कागदावर सावलीत वाळवून पुडीत. पुन्हा पाकीट मागवायची वेळ येणार नाही.

राहिली ती पिवळ्या फुलांची रोपं. टांगत्या कुंडीत लावलीत तर लोंबणारे फुटवे आणि लाल फळं शोभेला छान दिसतात. फक्त जमिनीवरच्या बागेत किंवा सोसायटीच्या लॉनमध्ये सोडू नका, तिथून काढता काढता नाकी नऊ येतात.